आखूड नळी

अकोला, ८ ऑक्टोबर १९६१

प्रिय श्रावणभाऊ,

सप्रेम जय भीम. गाडी घेतल्याची बातमी खरी की कोर्टातल्या लोकांनी उठवलेली आवई, असं तू कार्डात विचारलंस. खरी आहे. इथल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी आपली जुनी बेबी मोटार काढली, ती मी घेतली. चार माणसं कशीबशी मावतात. रंग उडालेला आहे, मागच्या सीटखालची फळी एका कोपऱ्यात कुजली आहे, पण चालते. भागीरथा म्हणाली, "हे कायची गाडी? पेटीले चाकं लावले." तरी पहिल्या दिवशी तीच शेजारणींना बोलावून दाखवत होती.

लिहायचं कारण वेगळं. गेल्या रविवारी माय-बाबांना गाडी दाखवायला निंबखेडला गेलो. पातूर सोडून घाट लागला आणि खालून काहीतरी घासत असल्यासारखा आवाज आला. उतरून पाहतो तर सायलेन्सर गंजून दुभंगलेला, अर्धा मागे रस्त्यात पडला होता. तसाच पुढे गेलो. भाऊ, काय तो आवाज! बाबा नदीपलीकडच्या वावरात होते, त्यांना तिथे ऐकू आला. म्हणाले, "मले वाटलं इमान उतरून राह्यलं."

पाटलांच्या घरावरून जाणारी ती गल्ली तुला माहीतच आहे. शाळेला जाताना तू आणि मी तिथे चपला हातात घ्यायचो. त्या गल्लीत मी गाडी हळू केली आणि विनाकारण दोनदा ॲक्सिलरेटर दाबला. पोरकटपणा म्हण. ओट्यावरची माणसं उठून उभी राहिली. घराशी आलो तर माय दारात कमरेवर हात ठेवून उभी. "एवढं बोंबलत काहून येतं रे? मानसासारखा येत जाय." पण डोळ्यांत पाणी होतं तिच्या, आणि ते मोतीबिंदूचं नव्हतं.

आता अडचण अशी, की हा आवाज घेऊन कोर्टाच्या आवारात शिरता येत नाही. नवा सायलेन्सर मिळत नाही. बाहेरून माल येणं बंद आहे म्हणतात. तू सायन्स मास्तर, हेडमास्तरांची फटफटी तू खोलून जोडली आहेस. अंगणात बसून माझ्या मला करता येईल असं काहीतरी स्वस्तातलं सुचव. आवाज कोर्टात खपेल इतका कमी कर, पण निंबखेडला कळेल इतका राहू दे.

शालूवहिनींना नमस्कार.

तुझा,
धर्मपाल

•

अमरावती, १७ ऑक्टोबर १९६१

चि. धर्मपाल,

सप्रेम जय भीम. वकीलसाहेब गाडीखाली झोपणार हे वाचून शालू इतकी हसली की पोळी तव्यावर करपली.

सायलेन्सर म्हणजे काही जादू नव्हे. आत भोकाभोकांच्या नळ्या असतात, धूर त्यातून फिरत जातो म्हणून आवाज मरतो. पण तसा फिरताना इंजिनाचा दमही खातो. तुझी गाडी लहान, त्यात घाट. म्हणून मी सांगतो तसं कर.

फुटका सायलेन्सर पुरता काढून टाक. भंगारवाल्याकडून पाण्याच्या नळाचा एक सरळ तुकडा आण, इंजिनाकडून येणाऱ्या नळीवर बसेल असा. सांध्याला अस्बेस्टॉसची दोरी गुंडाळ, तिच्यावर डालड्याच्या डब्याचा पत्रा कापून पट्टा बसव आणि तारेनं आवळ. वरून लेप द्यायला आमच्या प्रयोगशाळेतलं सोडियम सिलिकेट बाटलीत भरून पाठवतो. विटेच्या भुकटीत कालवून थाप, गरम झालं की दगडासारखं होतं. आवाज मारायला नळीच्या तोंडात लोखंडी जाळीची गुंडाळी खुपस.

आणि नळी मागच्या बंपरपर्यंत नेऊ नकोस. मागच्या चाकाच्या अलीकडेच सोड. आखूड ठेव. जितकी लांबी कमी आणि वळणं कमी, तितकी गाडी घाटात ओढेल. हे मी पुस्तकात वाचलं आहे आणि हेडमास्तरांच्या फटफटीवर करूनही पाहिलं आहे.

निंबखेडच्या त्या गल्लीत माझ्यातर्फेही एकदा ॲक्सिलरेटर दाब. मामा-मामींनी सहा वर्षं मला पोसलं. त्या घराच्या दारात गाडी उभी राहिली, आणि ती पाहायला मी नव्हतो, याची चुटपुट लागली आहे. मामींच्या डोळ्याचं ऑपरेशन कधी करतोस?

तुझा,
श्रावण

•

अकोला, २० नोव्हेंबर १९६१

प्रिय श्रावणभाऊ,

जमलं! दोन रविवार गेले, हात भाजला, भागीरथाचं एक लुगडं ग्रीसमध्ये गेलं, पण जमलं. तू सांगितलंस तसंच सगळं केलं. मागच्या चाकाच्या जरा अलीकडे नळी सोडली. आवाज जाडसर, खर्जातला येतो. कोर्टात कुणी काही म्हणालं नाही. आणि घाट! पूर्वी जिथे पहिल्या गिअरात कण्हत जायची तिथे आता दुसऱ्यात जाते. वकिलीत चार वर्षांत मला इतका आनंद झाला नव्हता, तुझी शपथ.

एकच कटकट. भागीरथा मागे बसली की तिचं डोकं दुखतं. परवा मूर्तिजापूरहून येताना उलटीही झाली. आमची लहानी तर मागच्या सीटवर ठेवली की झोपलीच. मला वाटलं पुन्हा दिवस गेले की काय, पण तसं नाही. पुढे बसली की काही होत नाही. पेट्रोलचा वास असेल.

मायच्या डोळ्याचं ऑपरेशन जानेवारीत ठरतंय. थंडीत जखम लवकर भरते असं डॉक्टर म्हणाले. मी स्वतः गाडीनं तिला आणीन. एस.टी.त तिला दम लागतो.

तुझा,
धर्मपाल

•

अमरावती, २ डिसेंबर १९६१

चि. धर्मपाल,

अभिनंदन. भागीरथाचं डोकं पेट्रोलनंच दुखत असणार. टाकीचं झाकण घट्ट बसतं का पाहा. वासाची सवय नसलेल्याला असं होतं, हळूहळू जाईल. तोवर तोंडात आल्याचा तुकडा धरायला सांग.

मामींना आणशील तेव्हा त्यांना मागे आडवं होऊ दे, अंगावर गोधडी दे. त्यांना छातीत गारठा बसला की महिनाभर उठत नाहीत. मागे वारा लागू देऊ नकोस.

जानेवारीत मला नागपूरला शिक्षकांच्या ट्रेनिंगला जायचं आहे. परत आलो की मामींना भेटायला अकोल्यास येतो. त्यांना सांग, नव्या डोळ्यांनी पहिल्यांदा मलाच पाहायचं.

तुझा,
श्रावण

•

अकोला, २१ जानेवारी १९६२

श्रावणभाऊ,

तार तुझ्या घरी पोचली तेव्हा तू नागपुरात होतास, असं शालूवहिनींनी कळवलं. तू यायला हवा होतास. तुझा दोष नाही, पण यायला हवा होतास.

माय गेली. कशी गेली ते अजून मला नीट कळलेलं नाही. जसं घडलं तसं लिहितो.

उजाडता उजाडता निंबखेडहून निघालो. धुकं होतं, हात स्टिअरिंगवर गोठत होते. मायला मागे आडवी केली, गोधडीत गुंडाळली. बाबा माझ्या शेजारी बसले. तंबाखू थुंकायला त्यांनी आपल्या बाजूची काच उघडी ठेवली होती. वळताना हात दाखवायला माझीही उघडी होती. मागच्या काचा बंद होत्या. निघताना माय चांगली होती. शेजारणीला ओरडून सांगत होती, "डोये आले की तुही भांडी पायते घासलेली हायेत का." घाट उतरताना एकदा "डोकं जड जड वाटते रे" म्हणाली. मी म्हटलं, झोप. पुढे नळीच्या आवाजात मागचं मला काही ऐकू येत नव्हतं.

पातूरला चहासाठी थांबलो. मी मागचं दार उघडून म्हटलं, "माय, च्या घे." उठली नाही. मी खांदा हलवला. हात गोधडीतून घसरून खाली लोंबला.

भाऊ, तिचा चेहरा मेलेल्या माणसाचा नव्हता. गाल लाल, ओठ लाल, कपाळ गुलाबी. कुणाच्या लग्नात नाचून आल्यासारखी. म्हणून मला खरंच वाटेना. पातूरच्या डॉक्टरांनी नाडी पाहिली, वय विचारलं, म्हणाले हृदय थांबलं. माझं स्वतःचं डोकं फुटायला आलं होतं. रडण्यानं असेल.

तिला परत निंबखेडला नेलं, नदीकाठी अग्नी दिला. पण त्याआधी घराच्या दारातच ते सुरू झालं. तुला आठवत असेल, नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर निंबाखालची मरीमाय कुणी हलवायला धजेना, तेव्हा मायनंच ते दगड टोपल्यात भरले आणि डोक्यावरून नेऊन नदीत टाकले. वस्तीतली चतुराबाई तेव्हापासून धास्तावलेली. मायचा चेहरा पाहून ती सगळ्यांसमोर ओरडली, "पाहा वो पाहा! आंगावर खरचोट नाई, आन गालावर कुकू! मरीमायनं लाली लावून नेली तिले!"

बाया मागे सरकल्या. मायला शेवटची आंघोळ घालायला अकोल्याहून आलेली भागीरथा आणि आणखी एकच जण पुढे आली. सगळ्या वस्तीची बाळंतपणं केलेली बाई होती ती, श्रावणभाऊ.

बाबा कुणाशी बोलत नाहीत. अकोल्याला चला म्हटलं, नाही म्हणाले.

धर्मपाल

•

अमरावती, ४ मार्च १९६२

चि. धर्मपाल,

तुझं पत्र मिळून बरेच दिवस झाले. दोनदा लिहायला घेतलं, फाडलं. मामींनी मला आईसारखं वाढवलं, काय लिहिणार?

एक ऐक माझं. ती गाडी काढून टाक. भंगारात दे. भागीरथाला आणि लहानीला तिच्यात बसवू नकोस. ज्या गाडीत मामी गेल्या तिच्यात त्यांनी बसू नये असं मला वाटतं. कारण विचारू नकोस. मोठा भाऊ म्हणून एवढं ऐक.

मामांची काळजी घे.

श्रावण

•

अकोला, १२ मार्च १९६२

प्रिय श्रावणभाऊ,

तुझं पत्र वाचून मी सुन्न झालो. तूही? विज्ञान शिकवणारा माणूस, दीक्षेच्या दिवशी माझ्या खांद्यावर हात टाकून नाचलेला, आणि आता म्हणतोस गाडी काढून टाक, कारण विचारू नकोस? अपशकुनी झाली का ती?

निंबखेडची हालत तुला सांगतो, म्हणजे कळेल तू काय लिहून बसला आहेस. चतुराबाईच्या नातीला ताप आला. तिनं निंबाखाली नवे दगड मांडले, शेंदूर फासला, आणि ताप उतरला. आता निंबाखाली पाच घरांचा नैवेद्य जातो. विहारात बुद्धवंदनेला गेल्या पौर्णिमेला म्हातारी माणसं आलीच नाहीत. पोरं विचारतात, वकीलसाहेब, तुमच्या मायचं काय झालं ते तुम्ही सांगा. मी काय सांगू? हृदय थांबलं? ते म्हणतात, थांबलं ते दिसलंच, थांबवलं कुणी? मागच्या खेपेस मी गाडी लावून बाबांकडे गेलो, परत येतो तर बॉनेटवर हळद-कुंकू आणि काळी बाहुली. पाटलाच्या ओट्यावरून कुणी हसलं.

गाडी विकली तर मी घाबरलो असाच अर्थ होईल. म्हणून मी उलट करतो. मुद्दाम भागीरथाला आणि लहानीला घेऊन गाडीनंच हिंडतो. भागीरथा कुरकुरते, डोकं धरून बसते, तरी येते. होळीच्या सुट्टीत आम्ही तिघं गाडीनं अमरावतीला तुझ्याकडे येत आहोत. बाबाही तयार झाले तर त्यांनाही आणीन. तुझ्या मनातलं भूत तेव्हा काढू.

तुझा,
धर्मपाल

•

अमरावती, १५ मार्च १९६२

धर्मपाल,

तार केली आहे, "गाडी चालू करू नकोस" अशी. ती मिळाली असेलच. हे पत्र एक्स्प्रेसनं पाठवतो.

माझ्या मनात भूत नाही. मला मामींच्या मरणाचं कारण माहीत आहे. तुझं जानेवारीचं पत्र वाचलं, त्याच क्षणी माहीत झालं.

इंजिनातून जो धूर निघतो त्यात कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो श्वासातून रक्तात गेला की रक्ताला असा चिकटतो की हवेला जागा उरत नाही. माणसाचं डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, आणि झोपेतच जातो. पण रक्त मात्र लाल राहतं, नेहमीपेक्षाही लाल. म्हणून गाल लाल दिसतात. हे मी दर वर्षी मॅट्रिकच्या वर्गाला फळ्यावर लिहून शिकवतो.

सायलेन्सर जिथे होता तिथून नळी बंपरच्या मागे जाते ती उगाच नव्हे. धूर गाडीच्या बाहेर पडावा म्हणून. ती आखूड ठेव असं मी तुला लिहिलं. धूर गाडीच्या पोटाखाली साचत होता आणि कुजलेल्या फळीतून वर येत होता. भागीरथाचं डोकं दुखतं असं तू लिहिलंस तेव्हा मला कळायला हवं होतं. मी आल्याचा तुकडा सुचवला. मामींना मागे झोपव, वारा लागू देऊ नकोस, हेही मीच लिहिलं.

आणि कळल्यावर मी सहा आठवडे गप्प बसलो. लिहायला बसलो की मामी ताटात भाकरी वाढताना दिसायच्या. वाटलं, गाडी काढून टाकायला लावली की झालं, कारण सांगायची गरज पडणार नाही. तू ते अपशकुन समजशील हे माझ्या ध्यानात आलं नाही. या सहा आठवड्यांत तू त्या दोघींना त्या सीटवर बसवत होतास, हे काल वाचलं आणि तसाच तार करायला धावलो.

तुला जे म्हणायचं ते मला म्हण. एक विनंती आहे, निंबखेडला हे सांगू नकोस. दगड मांडले तर मांडू देत, चार वर्षांनी लोक आपसूक विसरतील. पण मामांना हे समजलं तर ते सहन करू शकणार नाहीत.

श्रावण

•

अकोला, २७ मे १९६२

श्रावणभाऊ,

दोन महिने तुला लिहिलं नाही. राग होता. अजून आहे. तू गप्प होतास त्या दिवसांत लहानी त्या सीटवर किती वेळा झोपली ते भागीरथा मोजायला लागली आणि मध्येच थांबली. ते मी विसरणार नाही. पण नळी कापली, ठोकली, आवळली ती माझ्या हातांनी. आणि पाटलाच्या गल्लीत आवाज हवा होता तो मला.

तुझं पत्र आलं त्या दिवशी गाडीखाली गेलो. मागच्या सीटखालची फळी खालून काळीभोर झाली होती. बोट लावलं तर काजळी निघाली. तिथेच पडून राहिलो. भागीरथा बाहेरून विचारत होती, "काय सापडलं?" तिला गाडीखालूनच सांगितलं. समोर येऊन सांगायची छाती झाली नाही.

तू म्हणालास सांगू नकोस. मी खूप विचार केला. पण मायनं जे दगड नदीत टाकले, ते तिच्याच मरणाच्या नावावर परत येऊन बसले होते. मी गप्प राहिलो असतो तर माझी चूक मरीमायनं झाकली असती. ते मला जमण्यासारखं नव्हतं.

वैशाख पौर्णिमेला निंबखेडला गेलो. गाडी एकट्यानं नेली, सगळ्या काचा उतरवून. वंदना झाल्यावर उभा राहिलो आणि सांगितलं. मायला मरीमायनं नेलं नाही. माझ्या हातानं गेली ती. नळी कशी बसवली, धूर कुठून आला, गाल का लाल झाले, सगळं. तुझं नाव घेतलं नाही. ते मोठेपणानं नव्हे. तुझं तू सांगायचं आहे.

मग चतुराबाई उठली. म्हणाली, "वकील हाये थो. बाजू मांडून राह्यला. मरीमायचं नाव जाव म्हून सोताच्या आंगावर घेऊन राह्यला." आणि लोकांनी माना डोलावल्या, भाऊ! मी मायला मारलं असं सांगत होतो, आणि ते मला मोठ्या मनाचा म्हणत होते.

मी म्हटलं, "काकू, मी दाखवतो." ती म्हणाली, "दाखव. माह्या घरी मरीमायले सोडलेली कोंबडी हाये. मायच्या कोंबडीले काई होत नाई."

पौर्णिमेच्या दिवशी जीव घेणार नाही, असं मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी निंबाखाली सगळी वस्ती जमली. पाटलाकडची माणसंही लांब उभी होती. चतुराबाईनं स्वतः कोंबडी विरळ विणीच्या टोपल्याखाली घालून मागच्या सीटवर ठेवली. मी काचा चढवल्या, गाडी सुरू केली आणि बाहेर येऊन उभा राहिलो. आत धूर दिसत नव्हता. पोरं काचेला नाक लावायला धावत होती, त्यांना मागे ओढावं लागलं. कोंबडी आधी फडफडली, मग मान ताठ करून बसली. मग मान हळूहळू खाली आली. चोच सीटला टेकली. गुंगी यावी तशी ती झोपत गेली.

गाडी बंद केली, दारं उघडली, वारं जाऊ दिलं. कोंबडी बाहेर काढली. तिचा तुरा लालबुंद होता. चतुराबाईनं तिला हातात घेतलं, उलटीसुलटी केली, म्हणाली, "गरम हाये अजून." आणि मटकन खाली बसली.

बाबा सगळ्यांच्या मागे उभे होते. मी त्यांना येऊ नका म्हणालो होतो. ते पुढे आले. चार महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

"तिले समजलं असन काय?"

मी म्हटलं, "नाही बाबा. झोपेतच गेली."

ते गाडीकडे बघत राहिले. मग वळले आणि घराकडे चालू लागले. मी मागे गेलो तर त्यांनी दार आतून लावून घेतलं होतं.

पाचातल्या तीन घरांनी दुसऱ्याच दिवशी नैवेद्य बंद केला. चतुराबाईनं नाही केला. म्हणाली, "तुहं खरं असन बाप्पा. पन माह्या नातीले बरं हाये तवापासून. म्या त्या दगडाले हात लावत नाई." मी आग्रह केला नाही. गाडी भंगारात दिली.

मी काय मिळवलं ते मला ठाऊक नाही. बाबा अकोल्याला येत नाहीत, मी गेलो तर वावरात निघून जातात. तू एकदा जाऊन ये.

धर्मपाल

•

अमरावती, १७ जून १९६२

प्रिय धर्मपाल,

निंबखेडला जाऊन आलो. तिथे जे झालं ते तुला लिहू नको असं मामांनी मला निक्षून सांगितलं आहे. तरी लिहितो. एकदा गप्प बसून काय होतं ते मी पाहिलं.

मी गेलो तेव्हा मामा ओट्यावर सरकी शेणात घोळत बसले होते. पेरणी तोंडावर आहे. दारासमोर भांडी रचून ठेवली होती, घासलेली, कोरडी. मामा एकट्यापुरतंच करतात पण भांडी सगळी घासतात. मला पाहून म्हणाले, "ये. बस." बसलो. बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो. मग मी म्हटलं, "मामा, थे नळीचं मीच लिहून देल्लं होतं. आखूड ठिव म्हून मीच सांगतलं धर्मपालले. आन समजल्यावर म्या कोनाले सांगतलं नाई."

त्यांचा हात थांबला नाही. सरकी फिरवत राहिले. मी वाट पाहिली की शिव्या देतील, हाकलतील. मामींनी मला किती जपलं ते काढतील. ते म्हणाले, "जेवून घे आधी. शिळी भाकर हाये, आन पिठलं."

जेवलो. ते ताटासमोर बसून होते. मी हात धुऊन आलो, तेव्हा माझ्याकडे न पाहता बोलायला लागले. त्यांच्याच शब्दांत लिहितो.

"घाट उतरल्यावर ते उठून बसली व्हती. धर्मपालले नाई समजलं, गाडीचा आवाज लई. तिनं मांगून माह्या खांद्याले हात लावला. म्हने, 'अवो, काच जराशी खाली करा, जीव घाबरून राह्यला.' बोटभर उघडीच व्हती थे मांगची काच. म्या मांगं वाकलो आन थे बी चढवून टाकली. म्हनलं, खोकला वाढन, निज चुपचाप. तिनं माह्याकडं पायलं. मंग निजली."

मी म्हटलं, "मामा, तुमाले काय ठावूक होतं?"

"नोतं. धर्मपालनं कोंबडी दाखोली तवा ठावूक झालं." त्यांनी माझं ताट बाजूला सारलं. "तोवर मले वाटे, तिची येळ आली व्हती. तेवढ्यावर जगून राह्यलो व्हतो."

मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी तो बाजूला केला नाही, पण त्यावर आपला हातही ठेवला नाही. मग म्हणाले, "धर्मपाल लोकाईपुढं बोलून मोकळा झाला. तू इथं येऊन मोकळा झाला. आता म्या कोनाले सांगू?"

एस.टी.ला वेळ होता. मी टोपलं जवळ ओढलं आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या शेजारी बसून सरकी घोळत राहिलो.

तुझा,
श्रावण